सुट्टीतला अभ्यास गोणपाटावर



मे महिना लागला की शेतकऱ्याच्या घरी दोन गोष्टी बरोबरच येतात. खरिपाची काळजी आणि मुलांची सुट्टी. पहिलीसाठी आम्ही विस्तार खात्याची माणसे तुमच्या दारात येतो. दुसरीबद्दल कुणी फारसे बोलत नाही, म्हणून आज बोलतो.

या बाबतीत मी स्वतः चुकलेला माणूस आहे. माझी पुतणी पाचवीची परीक्षा देऊन गावी मोकळी झाली, तेव्हा मी तिला रोज वीस गणिते घालून देऊ लागलो. चार दिवस तिने ती सोडवली. पाचव्या दिवशी वही गोठ्याच्या वळचणीला खोचून पोरगी आंब्याखाली पसार! जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा भागाकार पार विसरली होती. मी रागावलो, तर आई म्हणाली, "अरे, तुझ्या गणितातलं तिच्या काय उपयोगाचं?"

त्याच खरिपात भावाचे सोयाबीन उगवले नाही. घरचे बियाणे, न तपासता पेरलेले. दुबार पेरणी करावी लागली. बियाणे पुन्हा विकत, मजुरी पुन्हा, आणि गेलेला पाऊस काही परत येत नाही. गावोगाव उगवणशक्तीवर भाषणे देत हिंडणारा मी, आणि सख्ख्या भावाचे रान रिकामे! त्या दिवशी जेवण गेले नाही.

पुढच्या मे महिन्यात मी वही आणलीच नाही. पुतणीला म्हटले, "बियाणं तू तपासायचं." गोणपाट धुऊन ओले केले. पोत्यातून न निवडता शंभर दाणे घेतले, दहा-दहाच्या दहा ओळी मांडल्या, वर दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी केली आणि सावलीत ठेवली. रोज पाणी शिंपडायचे. सात दिवसांनी गुंडाळी उलगडली आणि नीट कोंब आलेले दाणे तिने मोजले.

"काका, बासष्टच."

भावाला पटेना. "पुन्हा मोज." पुन्हा बासष्ट.

शिफारस अशी की उगवण 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो बियाणे. मग 62 टक्क्यांना किती? ओसरीवर खडू घेऊन ती बसली. तीस गुणिले सत्तर, एकवीसशे. त्याला बासष्टने भागायचे. दोनदा चुकली, फडक्याने पुसले, तिसऱ्यांदा आले. भागाकार तेहतीस, बाकी चोपन्न. "चौतीस धरू," ती म्हणाली. तीन एकरांना 90 ऐवजी 102 किलो. भाऊ काही बोलला नाही, पण पेरणीला बियाणे 102 किलोच काढले आणि त्या वर्षी रान भरले.

तुमच्याही घरी अशी गणिते पडलेली आहेत. तेहतीस फुटांची दोरी घ्या, मुलांना अंगणात किंवा रानात चौकोन आखू द्या. चारही बाजू तेहतीस फूट म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस म्हणजे एकर. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत 46 टक्के नत्र, म्हणजे नत्र किती किलो? आडत्याची पट्टी आली की हमाली, तोलाई वजा जाता हाती किती, हे मुलांनाच काढू द्या. चुकले तर लगेच सांगू नका, पुन्हा करू द्या.

वाचनासाठी आजी-आजोबांसारखे श्रोते नाहीत. संध्याकाळी पंधरा मिनिटे मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, मग ते वर्तमानपत्र असो, गोष्ट असो की हे साप्ताहिक. औषधाचे माहितीपत्रकही वाचू द्या, पण बाटलीला मात्र हात लावू देऊ नका. ती कुलपातच बरी.

आणि गोणपाटावर पाणी शिंपडायची आठवण आजीकडे सोपवा. मुले तिसऱ्या दिवशी हटकून विसरतात. आमची पुतणीही विसरली होती.