सूर धरणारा

मालवणच्या बाजूला लग्नाचा मांडव पडला आणि सनई वाजू लागली, की तेथे सनईवाले दोघे आहेत, हे पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. एक जण राग आळवीत असतो. साऱ्यांचे डोळे त्याच्या बोटांवर खिळलेले असतात. दुसरा शेजारी बसून एकच स्वर धरून राहतो. त्याच्या वाद्याला ‘सूर’ असेच म्हणतात. वऱ्हाड येते, अक्षता पडतात, पंगती उठतात. त्याचा स्वर काही तुटत नाही.

तो श्वास तरी केव्हा घेतो? त्याचे गाल फुगलेले असतात, ते उगीच नव्हे. गालांत साठविलेली हवा वाद्यात दाबीत असतानाच तो नाकाने नवा श्वास ओढून घेतो. पेलाभर पाण्यात पोकळ नळी बुडवून बुडबुडे न थांबविता फुंकून पाहावे, म्हणजे ही विद्या किती अवघड आहे, ते चटकन कळते.

सनई ही लाकडाची नळी. वर निमुळती, खाली रुंद होत जाणारी. तिच्या वरच्या टोकाच्या पत्तीला दोन पातळ पाती असतात. फुंकर लागताच ती थरथरतात आणि नळीतील हवा नादावते. तुतारीचे तसे नाही. तिला पत्ती नाही आणि भोकेही नाहीत. तेथे वादकाचे ओठच थरथरतात. ओठ आवळले की वरचा स्वर, सैल सोडले की खालचा. मधले पुष्कळसे स्वर तिला लाभतच नाहीत. १६६४ साली मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, त्या काळी तुतारी ललकारी देई. राग आळविणे हे तिचे काम नव्हेच. ट्रम्पेटला तीन कळा असतात, त्यामुळे हे हुकलेले स्वर त्याला साधतात. शेजारच्या गोव्यातील कितीतरी वादक चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकले आणि पुढे मुंबईच्या चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नावारूपाला आले.

पाश्चात्य वाद्यवृंदात ओबो नावाचे एक वाद्य असते. तेही लाकडी नळीचे व दुहेरी पत्तीचे. सनईची दूरची बहीणच म्हणावी. कार्यक्रमापूर्वी ओबो एक स्वर देतो आणि सारे वादक आपापली वाद्ये त्या स्वराशी जुळवून घेतात. तेथे त्या एका स्वराचा केवढा मान! आपल्या मांडवात मात्र सूर धरणाऱ्याचे नावही कोणी विचारीत नाही.

वास्तविक शिकाऊ मुलगा पुष्कळदा आधी सूरच धरतो. वर्षानुवर्षे गुरूच्या मांडीला मांडी लावून बसायचे, एक स्वर सांभाळायचा आणि कानांनी राग टिपायचा. १९४७ साली लाल किल्ल्यावर ज्यांची सनई वाजली, ते बिस्मिल्ला खाँ काशीला आपल्या मामांच्या हाताखालीच तयार झाले. आता पुष्कळ मांडवांत ध्वनिमुद्रित सनई लावतात. ती सुरेल असते, स्वस्तही पडते. पण तिच्या शेजारी त्या मुलाला बसायला जागा नसते.