रेवदंडा, रेवदण्डा आणि एक साचा

मराठीच्या अध्यापकाने 'रेग्युलर एक्स्प्रेशन'विषयी लिहावे, हे काहींना अनधिकार चर्चा वाटेल. परंतु शब्दाच्या रूपांचा विचार हा आपलाच प्रांत आहे आणि या तंत्रातही नेमका तोच करावा लागतो. शोधायचा शब्द जसाच्या तसा न देता त्याच्या संभाव्य रूपांचा साचा द्यायचा. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेली ही कल्पना पुढे जावास्क्रिप्टसारख्या भाषांत रुळली.

विद्यार्थ्यांनी रेवदंड्यातील वृद्धांचे आठवणीपर लेखन टंकित केले आणि त्यांतून गावाचे उल्लेख वेचण्याचे काम माझ्याकडे आले. नुसते 'रेवदंडा' शोधले, तर 'रेवदंड्यात', 'रेवदंड्याहून' सापडत नाहीत. प्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप झालेले असते. जुन्या वळणाचे 'रेवदण्डा'ही निसटते. म्हणून साचा असा केला: रेव(दं|दण्)(डा|ड्या). उभी रेघ म्हणजे 'किंवा'. पहिल्या कंसात परसवर्णाचा विकल्प आला, दुसऱ्यात सामान्यरूप. खाडीपलीकडच्या गावासाठी कोर्?लई पुरेसे झाले; प्रश्नचिन्हाने त्याआधीचे हलन्तचिन्ह ऐच्छिक ठरते आणि 'कोर्लई', 'कोरलई' दोन्ही मिळतात.

यंत्राची 'शब्द' ही कल्पना मात्र परकी आहे. जावास्क्रिप्टच्या मूळ शब्दवर्गात इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि अधोरेखा एवढेच बसते. त्याच्या लेखी 'रेवदंडा' हा शब्दच नव्हे. लिपीच्या नावाने अक्षरवर्ग मागण्याची सोय २०१८च्या प्रमाणकात आली. तरीही आपण रे-व-दं-डा अशी चार अक्षरे म्हणतो, तेथे यंत्र मात्रा, अनुस्वार आणि काना वेगळे धरून सात चिन्हे मोजते. वर्णसमूहाला एका खुणेत बांधणे आपल्याला नवे नाही. पाणिनीच्या 'अच्' या प्रत्याहारात सारे स्वर सामावतात.

सामान्यरूप वर्गात गुणांपुरते पाठ होते. येथे ते विसरले, तर कुणाची तरी आठवण संग्रहाबाहेर राहते. शुद्धलेखनाचा नियम अनेक रूपांतून एकाची निवड करतो. उत्तरपत्रिकेसाठी ते योग्यच. साच्याला मात्र लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेली सगळी रूपे सामावून घ्यावी लागतात. मराठीतला मजकूर आता बहुधा शोधूनच वाचला जाईल. त्या कंसांत काय असावे, हे संगणकतज्ज्ञाला सांगण्याची जबाबदारी व्याकरण शिकवणाऱ्यांची आहे.