अभिनय : अधिक सात

अभिनय किती येतो हे आकड्यात सांगता येतं का? आमच्या कंपूतल्या एकाचा आकडा आहे अधिक सात. म्हणजे त्याचा नाही, त्याच्या कॅरेक्टरचा. आणि सगळी गोची इथेच आहे.

जरा मागून सांगतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत आणला. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. जमेल की नाही अशी शंका असलेलं काहीही करायचं तर वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपल्या कौशल्याचा आकडा मिळवायचा आणि समोरच्या आकड्याला गाठायचं. आम्ही अजून २००३ सालची साडेतीन नंबरची आवृत्ती खेळतो. नवीन पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत असं नाही, पण सवय.

महिन्यातून दोन शनिवार टिटवाळ्याला, माझ्या घरी. ठाणे, डोंबिवली, कल्याणहून मंडळी कसारा लाईनच्या गाडीत लोंबकळत येतात, कारण सहा माणसं, एक मोठं टेबल आणि रात्री आरडाओरडा हे फक्त माझ्या फ्लॅटमध्ये बसतं. संकष्टी शनिवारी आली की मात्र सुट्टी. त्या दिवशी स्टेशनबाहेर रिक्षा मिळेल तर शपथ.

तर या आवृत्तीत 'सादरीकरण' हे शिकता येणारं कौशल्य आहे. त्याचे पोटविभाग आहेत : गाणं, नाच, तंतुवाद्य, वक्तृत्व वगैरे, आणि अभिनय. पहिल्या लेव्हलला एका कौशल्यात जास्तीत जास्त ४ पॉइंट टाकता येतात. व्यक्तिमत्त्वाची छाप १६ असेल तर वर ३ मिळतात. झाले सात. पुस्तकात तक्ताच आहे. १० गाठले तर प्रयोग जेमतेम, १५ ला आनंद देणारा, २० ला उत्तम, २५ ला आठवणीत राहणारा, ३० ला अद्भुत. अधिक सातवाल्याला २० गाठायला फाशावर १३ किंवा वर हवेत, म्हणजे वीसात आठ वेळा. ४० टक्के. प्रत्येक लेव्हलला एक पॉइंट टाकत गेलात की टक्के वाढतात. पोहणं जसं, कुलूप उघडणं जसं, तसाच अभिनय. कुणाच्या रक्तात वगैरे काही नाही.

मला हे भयंकर आवडतं.

पण टेबलावर काय होतं? आमच्यात एक सेल्सवाला आहे. ठाण्याचा. बोलायला बसला तर तिकीट तपासनीसाला तिकीट विकेल. यानं आपल्या योद्ध्याची छाप ठेवली ८, सगळे पॉइंट टाकले तलवारीत, आणि राजदरबारात उभा राहून स्वतःच्या जिभेवर पाच मिनिटं भाषण ठोकलं. सगळे खूश, मी पण हसून दरवाजा उघडून दिला. दुसऱ्या बाजूला अधिक सातवाला. टेस्टिंगमध्ये आहे, कल्याणला राहतो, 'म' आणि 'प' वर अडकतो. क्लायंट कॉलवर गप्प. त्याच्या अप्रेजलच्या फॉर्मवर 'कम्युनिकेशन' नावाच्या रकान्यात दरवर्षी पाचपैकी दोन असतात. त्यानं मुद्दाम नट घेतला, पॉइंट मोजले, आणि सेल्सवाला त्याला म्हणाला, "नट आहेस ना, मग करून दाखव की!"

आता सांगा, योद्ध्याला कुणी म्हणतं का, की आधी उठून माझ्या हॉलमध्ये तलवार फिरवून दाखव? कुलूप उघडणाऱ्याला मी माझ्या लॅचची किल्ली काढून घेऊन बाहेर उभं करतो का? मग नटालाच ही परीक्षा का? पण नुसता फासा टाकून "एकवीस, चला पुढे" म्हटलं, तर एवढ्या लांबून लोकलनं यायचं कशाला हाही प्रश्न आहेच.

माझं आजोळ कुडाळकडचं, त्यामुळे या भांडणात मला दशावतार आठवतो. जत्रेच्या रात्री देवळासमोर. गणपती, रिद्धी-सिद्धी, मग वेद चोरणारा संकासुर, त्याचं मालवणीतलं तिरकं बोलणं, आणि मग पुढे रात्रभर चालणारं आख्यान. लिखित संहिता नाही! आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कोण काय करणार ते ठरतं, आणि पेटाऱ्याशेजारी बसून, आरशात बघत, आपला चेहरा आपणच रंगवत माणसं तयार होतात. वाक्यं रंगमंचावर सुचतात. समोरच्या राजानं प्रश्न टाकला की देवानं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं, मागे हार्मोनियम आणि मृदंग. देव, राक्षस, शाप, युद्ध, आणि बोलणं आयत्या वेळचं. आता हे आमच्या शनिवारपेक्षा वेगळं काय आहे? (बरंच चांगलं आहे, हे सोडून.)

आणि तिथे ही गोष्ट शिकूनच येते. नवीन पोराला पहिल्या रात्री कुणी इंद्र करत नाही. चार वाक्यांचं काम, शेजारी मुरलेला नट, आणि कान उघडे. चुकला तर शेजारचा सांभाळून घेतो. आमच्या पुस्तकात एक नियम आहे : ज्या प्रेक्षकांसमोर तुम्ही पडलात त्यांच्यासमोर पुन्हा उभे राहिलात तर समोरचा आकडा दर अपयशाला २ नं वाढतो. त्याच गावात पुढच्या जत्रेला जाणाऱ्या नटाला हे पुस्तकातून शिकायची गरज नसावी.

नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार : आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. आमच्या खेळात वेषांतर वेगळं कौशल्य, थापेबाजी वेगळं, अभिनय वेगळं, म्हणजे आहार्य आणि थोडं वाचिक आलं. सात्त्विक कुठे बसवायचं हे मला कळेना. त्यात आठ भाव दिलेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय. यादी वाचताना थांबलो. स्वरभंग म्हणजे आवाज फुटणं, वेपथू म्हणजे थरथर. नटानं मेहनत करून आणायच्या या गोष्टी. आमच्या टेस्टिंगवाल्याला त्या दर सोमवारी सकाळी क्लायंट कॉलवर फुकट मिळतात.

म्हणून मी घरचा एक नियम केला : फासा आधी, बोलणं नंतर. किती चांगलं झालं ते आधीच ठरलेलं. मग तुम्ही बोला, कसंही बोला, जग त्या आकड्याप्रमाणेच वागणार.

टिटवाळ्याचा गणपती शकुंतलेनं स्थापला अशी आख्यायिका आहे, इथेच कण्वांचा आश्रम होता म्हणे. तेव्हा आमची सध्याची गोष्ट काळू नदीकाठीच सुरू होते. हरवलेली अंगठी माशाच्या पोटात सापडते आणि कोळ्याला शिपाई चोर म्हणून पकडतात, हे कालिदासाचं. आमच्या गोष्टीत खरा कोळी पळालाय, आणि नटानं त्याच्या जागी शिपायांसमोर उभं राहायचंय. मी २० आकडा लावला. (नियमांचे भक्त म्हणतील इथे थापेबाजी लागू होते. होत असेल. टेबल माझं आहे. :))

फाशावर चौदा पडले. एकवीस.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म... म... मालक, म्या चोरी न्हाय केली. मासा... मासा म्हणलं चिरावा, प... पोरं उपाशी हायेत." हात टेबलाखाली होते पण टेबल हलत होतं. शिपाई मीच होतो, आणि माझा पुढचा प्रश्न मी विसरलो. सेल्सवाला तोंडात वेफर घेऊन तसाच बसला होता. त्यातलं किती मुद्दाम होतं आणि किती आपोआप, मी विचारलं नाही.

त्याच रात्री सेल्सवाल्याच्या योद्ध्याला राजाची समजूत घालायची होती. फाशावर तीन, वर छाप ८ म्हणून उणे एक. दोन. आता याला वाईट बोलायचं होतं. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा चांगलंच बोलला! शेवटी टेस्टिंगवाल्यानं त्याला सुचवलं, "म-मध्येच अर्धं वाक्य सोडून दे, आणि त्याच्याकडे बघू नकोस." तेव्हा कुठे जमलं.

अप्रेजल फॉर्म यंदा पुन्हा आलाय. रकाना तोच आहे, आकडाही बहुतेक तोच येईल, तिथे फासा कुणी देत नाही. इकडे नट दुसऱ्या लेव्हलला पोचला. सहा पॉइंट मिळाले. अभिनयात नियमानं एकच टाकता येतो, तो त्यानं टाकला. उरलेल्या पाचातले चार पोहण्यात घातले. काळू नदी ओलांडायचीय म्हणतो, आणि पावसाळा जवळ आलाय.