शेंगदाणा कुठे लपलाय?

मुलांनो, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी धावली १८५३ साली. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. आज त्याच मार्गावर आपली खाद्ययात्रा! मात्र समजा, आपल्यातल्या एकीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणा पोटात गेला, की तिचं शरीर त्याला शत्रू समजतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, कधी श्वासही कोंडतो. मग चला, तिच्यासाठी शेंगदाणा शोधूया.

ठाण्यात मामलेदार कचेरीजवळची मिसळ प्रसिद्ध. पण मिसळ कुठलीही असो, फरसाणात शेंगदाणे असू शकतात. वेचून टाकले तर? छे! त्यांचा चुरा मागे राहतोच.

आता डोंबिवली. चतुर्थी आहे, म्हणून साबुदाण्याची खिचडी मागवली. तिच्यात तर दाण्याचं कूट हवंच! म्हणजे 'उपवासाला चालतं' याचा अर्थ 'सगळ्यांना चालतं' असा नव्हे.

गंमत पाहा. इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी नि शुक्रवारी उपवास करतात. त्या दिवशी मांस, अंडी, दूध वर्ज्य. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ते ताट सोयीचं! त्यांची इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीची थोरली बहीणच. ती टेफ नावाच्या बारीक धान्याची. टेफमध्ये ग्लूटेन नसतं, म्हणून गहू न चालणाऱ्यांना ती चालते. पण कुणी पिठात गहू किंवा जवही मिसळतात. म्हणजे तिथेही विचारावं लागतंच.

शेवटचा थांबा कल्याण. इथला खिडकी वडा तुम्ही ऐकला असेल. वड्यात बटाटा, वरून बेसन. शेंगदाणा नाहीच ना? थांबा! वड्याबरोबरच्या सुक्या लसूण चटणीत पुष्कळ ठिकाणी दाणे घालतात. शिवाय कढईत आधी काय तळलं होतं? आणि गहू न चालणाऱ्यांनो, पाव तर दिसतो, पण बाजारच्या हिंगातही बऱ्याचदा मैदा असतो बरं का!

बंद पुड्यावर शेंगदाणे, दूध, गहू, सोयाबीन वगैरे असल्याची सूचना छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. सुट्या पदार्थावर ती कुठून असणार? तिथे आपलं तोंडच कामाला येतं. "काका, चटणीत काय काय घातलंय? तेल कुठलं?" असं खुशाल विचारा. "माहीत नाही" म्हणाले, तर तो पदार्थ नको.

आणि दोस्तांनो, "एका घासानं काय होतंय?" असा आग्रह मैत्रिणीला कधीही करू नका. एक घासही जिवावर बेतू शकतो. तिला श्वास घेणं जड जाऊ लागलं, तर लगेच मोठ्यांना हाक मारा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन तिच्यापाशी असेल, तर ते मोठ्यांना दाखवा.

आईबाबा, ती घरी येईल तेव्हा खिचडीत कुटाऐवजी ओलं खोबरं घालून बघा. अर्थात, खोबरं तिला चालतं ना, हे आधी विचारूनच!