शाओशिंगच्या भिंतीपाशी

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी रात्री नऊनंतर टीव्हीचा ताबा माझ्याकडे आणि आजीकडे असतो. आम्ही दोघी चिनी ऐतिहासिक मालिका बघतो. आजीला इंग्रजी सबटायटल्स वाचता येत नाहीत, म्हणून मी ती मोठ्यांदा मराठीत सांगत जाते. पण नायक-नायिका गप्प झाले की आजी हातानंच मला थांबवते. "आता तू नको बोलूस, मला कळतंय."

आणि तिला खरंच कळतं. तो तिच्या डोक्यावर छत्री धरतो, स्वतः भिजत राहतो. ती औषधाचा वाडगा फुंकून पुढे करते. तो अंबाड्याचा आकडा तिच्या हातात ठेवतो आणि नजर खाली घालतो. झालं, एपिसोड संपला!

२०१८ सालची 'द स्टोरी ऑफ मिंगलान' आम्ही दोनदा पाहिली. काळ सुंग राजवटीचा. छी हंग हा सरदारघराण्यातला मुलगा मिंगलानवर जीव टाकतो, पण त्याच्या आईला ती सून म्हणून नको असते. लग्नं आईवडील आणि मध्यस्थ ठरवणार, मुलामुलींनी तोंड उघडायचं नाही, असा तो काळ. मग मनातलं सगळं वस्तूंमधून, खाण्यापिण्यातून, नजरेतून जातं. आजी दर वेळी चिडायची, "आईला एकदा ठणकावून सांगायला काय होतं याला?"

गेल्या वर्षी ऑफिसच्या कामासाठी हांगचौला जाणं झालं. एक रविवार मोकळा मिळाला. वेगवान रेल्वेनं मी शाओशिंगला गेले, जेमतेम अर्ध्या तासाचा प्रवास. कालव्यांचं गाव. काळ्या चटयांचं छत असलेल्या चिंचोळ्या होड्या, आणि नावाडी चक्क पायानं वल्हं मारणारे! लू श्वन या मोठ्या लेखकाचं घर इथंच आहे. गल्लीत आंबवलेल्या टोफूचा उग्र वास. मी नाक दाबून पुढे निघाले, कारण मला जायचं होतं शन युआन या बागेत.

ही बाग ओळखली जाते ती लू यू (११२५-१२१०) या सुंग काळातल्या कवीमुळे. त्याची बायको थांग वान. दोघांचं छान जमलं होतं, पण लू यूच्या आईला सून पसंत पडली नाही. का, याच्या वेगवेगळ्या कथा सांगतात. आईच्या शब्दाखातर त्यानं बायकोला सोडलं. पुढे दोघांचीही दुसरी लग्नं झाली. काही वर्षांनी एका वसंतात या बागेत ते अचानक समोरासमोर आले. ती नवऱ्याबरोबर होती. नवऱ्याला सांगून तिनं लू यूला मद्य आणि खाणं पाठवलं. त्यानं ते घेतलं आणि बागेच्या भिंतीवर एक कविता लिहिली.

त्या काळी अशा कविता ठरलेल्या चालींवर रचत. या चालीच्या नावातच अंबाड्याचा आकडा आहे. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एकच शब्द तीनदा येतो, हुंदका अडकावा तसा. थांग वानची म्हणून सांगितली जाणारी उत्तराची कविताही आहे. ती संपते मनातलं लपवण्यावर. त्यानंतर ती फार दिवस जगली नाही म्हणतात. लू यू मात्र पंच्याहत्तरीतही या बागेत येऊन तिच्यावर कविता लिहीत होता.

आजची बाग बरीचशी नव्यानं उभारलेली आहे. आत शिरल्यावर मधोमध चिरलेला एक मोठा दगड दिसतो. पुढे भिंतीवर दोन्ही कविता कोरल्या आहेत. मला एक अक्षर वाचता येत नव्हतं. जोडपी येत होती, फोटो काढत होती. टांगलेल्या लाकडी पाट्यांच्या घंटा वाऱ्यानं किणकिणत होत्या. मालिकेतलं गप्प राहणं आपल्याला गोड वाटतं, कारण पुढचा एपिसोड येणार असतो. या दोघांना तो मिळाला नाही.

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. सासूबद्दल ती काहीतरी बोलेल असं वाटलं होतं. तिनं विचारलं, "खायला पाठवलं म्हणतेस ना तिनं? मग बोललीच की ती."

थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ह्यांच्या शेवटच्या आजारपणात मी रोज पेज गाळून द्यायचे. एकदा म्हणाले, जरा बस ना जवळ. मी म्हटलं, गॅसवर दूध ठेवलंय."

दूध खरंच ठेवलं होतं का, हे मी विचारलं नाही. त्या रात्री टीव्ही लावला नाही. आजी आजोबांबद्दल बोलत राहिली, बरंचसं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आपल्या घरांतून प्रेम असंच ताटातून, डब्यातून पोचतं आणि ते पोचतंही. तरी कोणी कधी "जरा बस" म्हणालं, तर बसा. दूध उतू गेलं तर जाऊ दे.