आजोबांच्या रंध्याचें पातें

सुटी कशी घालवावी हा प्रश्न आम्हां विद्यार्थ्यांना दरवर्षीं पडतो. गेल्या दिवाळीच्या सुटींत त्याचें उत्तर मला आमच्या घराच्या माळ्यावर सांपडलें. एका मोडक्या खाटेआड धुळीनें माखलेली लांकडी पेटी होती. ती उघडतांच आंत करवत, वाकस, पटाशा, गुण्या आणि तळाशीं एक लांकडी रंधा निघाला. हीं हत्यारें माझ्या आजोबांचीं. त्यांनीं चाळीस वर्षें सुतारकाम केलें व त्याच कमाईवर माझे वडील शिकले. आतां आजोबांचा हात कांपतो, म्हणून पेटी माळ्यावर गेली.

रंध्याच्या मागल्या अंगावर लांकडी हातोडीचा टोला देतांच पाचर सैल झाली व पातें हातांत आलें. तें गंजानें तांबडें झालें होतें. रात्रभर व्हिनेगरमध्यें भिजवून सकाळीं घांसलें, तेव्हां त्यावर ‘कास्ट स्टील’ हीं इंग्रजी अक्षरें पुसट दिसूं लागलीं. इंग्लंडांतील शेफील्ड येथें बेंजामिन हंट्समन नांवाच्या घड्याळजीनें १७४० च्या सुमारास मुशींत पोलाद वितळविण्याची रीत काढली. पुढें त्या जातीच्या पोलादाची हत्यारें दूरदूरच्या देशांत गेलीं व त्यांवर हीं अक्षरें उमटूं लागलीं. पोलाद महाग, म्हणून जुन्या पात्यांचें अंग साध्या लोखंडाचें असे, आणि धारेच्या बाजूस तेवढा पोलादाचा पातळ पत्रा भट्टींत तापवून जोडलेला असे. परंतु हें सर्व मला मागाहून कळलें. आणि तें आधीं कळतें तर बरें झालें असतें.

आजोबांना चकित करावें या हौसेनें, त्यांस न विचारतां, मीं तें पातें विजेच्या चाकावर धार लावणाऱ्या एका दुकानांत नेलें. ठिणग्यांचा पाऊस पडला आणि दोन मिनिटांत धार लखलखूं लागली. धारेलगत मोराच्या पिसासारखा निळा पट्टा उमटला होता. तो मला फार सुंदर वाटला. घरीं येऊन सागाच्या तुकड्यावर रंधा चालविला, तों पांचसहा हातांतच तो अडखळूं लागला. पाहतों तर धार दुमडली होती!

शेवटीं पातें आजोबांपुढें ठेविलें. त्यांनीं तें उजेडाकडे धरून पाहिलें व हळूच म्हटलें, “अरे बाळ, याचें पाणी उतरलें.”

पोलाद लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड केलें म्हणजे तें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळही होतें. म्हणून तें पुनः बेताची आंच देऊन सौम्य करितात. सुमारें २३० अंश सेंटिग्रेडला त्यावर गवतासारखा पिवळसर रंग चढतो. तेथेंच थांबावयाचें असतें. ३०० अंशांच्या आसपास तें निळें होतें, आणि मग रंध्याला लागणारा कठीणपणा त्यांत उरत नाहीं. चाकाच्या घर्षणानें नेमकें हेंच झालें होतें.

आजोबा रागावले असते तर मला हलकें वाटलें असतें. त्यांनीं केवळ पात्यावर नखानें एक रेघ ओढून दाखविली व म्हटलें, “पोलाद एवढ्यापर्यंतच आहे. तें संपलें कीं पातें संपलें.” त्या रेघेपर्यंत जेमतेम दोन बोटें रुंदी उरली होती. जें पोलाद त्यांनीं चाळीस वर्षें पुरवून पुरवून झिजविलें, त्यांतला मोठा भाग मीं दोन मिनिटांत फुकट दवडला होता.

दुसऱ्या दिवसापासून आजोबांच्या देखरेखीखालीं मीं कामास लागलों. खरबरीत दगडावर पाणी घेऊन, उताराचा कोन पंचवीस अंशांच्या आसपास राखून, निळा भाग जाईपर्यंत हातानेंच घांसावयाचें होतें. हातानें घांसलेलें पातें तापत नाहीं. त्याला चार संध्याकाळ लागल्या. मग बारीक दगड. एकाच जागीं घांसलें तर दगडाला खळगा पडतो, म्हणून सर्व दगड वापरावा. पात्याची पाठ दगडावर सपाट टेकवून आरशासारखी करावी. कडेला केसासारखी बारीक खरखर उमटली म्हणजे समजावें कीं दोन्ही बाजू एकमेकींस भेटल्या. ती खरखर शेवटीं जुन्या चामडी पट्ट्यावर पुसून काढावी. हें सर्व शिकवितांना आजोबांचा कांपता हात माझ्या हातावर असे.

“धार लागली हें कसें ओळखावें?” मीं विचारलें.

“ती दिसेनाशी झाली म्हणजे,” आजोबा म्हणाले. खरोखर, बोथट कडेवर उजेडाची पांढरी रेघ चमकते. धारदार कडेवर उजेडाला टेकावयास जागाच नसते.

पाडव्याच्या दिवशीं रंधा पुनः सागावर चालला. हलकासा सूं असा आवाज झाला व कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ ढलपी वळत वळत बाहेर आली. आजोबांनीं ती उचलून खिडकीकडे धरली. तिच्यांतून बाहेरचा उजेड दिसत होता.

“आतां हा रंधा तुझा,” ते म्हणाले. “उरलेलें पोलाद जपून खर्च कर.”

विद्यार्थीबंधूंनो, प्रत्येक धार ही पातें थोडें झिजवूनच मिळते. परंतु घाईनें झिजविलेल्याच्या मोबदल्यांत हातीं कांहींच लागत नाहीं. ती ढलपी मीं माझ्या वहींत ठेविली आहे, आणि तिच्याशेजारीं पात्याच्या उरलेल्या पोलादाची लांबी तारीखवार लिहून ठेवितों.