मोकळे टोक

झाशी म्हटले की आमच्या नातलगांच्या डोळ्यांपुढे राणीचा किल्ला उभा राहतो. आमच्या वाट्याला मात्र झाशीजवळच्या बिजौलीतील एक लहानसे सरकारी कार्यालय आले आहे. टापटिपीची आम्हांला लहानपणापासून खोड. गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी टेबलाखाली संगणकाची एक तार लोंबकळताना दिसली. तिचे मोकळे टोक आम्ही शेजारच्या स्विचच्या रिकाम्या खाचेत बसवून दिले. दुसरे टोक त्याच स्विचमध्ये आहे, हे पाहण्याचे कष्ट मात्र घेतले नाहीत.

थोड्याच वेळात सारे संगणक ठप्प झाले. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे कागद त्या दिवशी जायचे होते. त्यासाठी खेड्यातून आलेली एक विधवा बाई संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली. साहेबांनी तारांचे काम पाहणाऱ्या कंत्राटी मुलाला सर्वांदेखत फैलावर घेतले.

चार वाजता त्या मुलाने ती तार शोधून काढली व आमच्याकडे पाहिले. "बाबूजी," तो हळूच म्हणाला, "सर्वांसाठीची हाक स्विच प्रत्येक दारातून पुढे पाठवतो. दोन दारे एकमेकांना जोडली, की तीच हाक परत येते आणि तो ती पुन्हा पाठवतो. ती मरतच नाही."

अभिप्रायार्थ फिरणाऱ्या फायली आम्ही पुष्कळ पाहिल्या आहेत. पण फाईल निदान एकच असते. येथे प्रतींचा पूर येतो. इंटरनेटवरील संदेशात प्रत्येक टप्प्यावर घटणारा आकडा असतो व तो संपला की संदेश टाकून दिला जातो. कार्यालयातील इथरनेटच्या चौकटीत तसा आकडाच नाही.

त्या रात्री आम्ही यावर थोडे वाचन केले. एक मार्ग तुटल्यास दुसरा असावा, म्हणून अशी वर्तुळे मुद्दामही ठेवतात. त्यांवरचा उपाय डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील रेडिया पर्लमन या विदुषीने 1985 मध्ये शोधला. त्याचे नाव स्पॅनिंग ट्री. स्विच आपसांत छोटे निरोप पाठवून सर्वांत लहान ओळखक्रमांकाच्या स्विचला प्रमुख नेमतात. प्रत्येक जण प्रमुखाकडे जाणारा कमीत कमी खर्चाचा मार्ग राखतो. ज्या वाटेने वर्तुळ पुरे होईल, तिचे दार बंद करतात. मात्र त्या दाराशी निरोप ऐकणे चालूच असते. चालू मार्ग तुटला, की ते दार उघडते. पूर्वी याला अर्धा मिनिट वा अधिक लागे. 2001 च्या सुधारणेनंतर काही सेकंद पुरतात. आमच्या स्वस्त स्विचला ही अक्कल नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहतो तो दोषही तसाच फिरत होता. साहेबांकडून कंत्राटदाराकडे, कंत्राटदाराकडून त्या मुलाकडे. आणि त्याची दिवसाची मजुरी कापली जाणार होती. कोठे तरी एक दार बंद होणे आवश्यक होते. आम्ही साहेबांच्या खोलीत जाऊन ती तार आम्हीच जोडल्याचे सांगितले. आम्हांला लेखी समज मिळाली. मुलाची मजुरी वाचली.

त्या बाईंना मात्र कागदावर सही करण्यासाठी पुन्हा भाडे खर्चून यावे लागले. तेवढे आमच्या नावावर राहिले.